हराळी लावणारे पाव्हणे

मी नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत उगवण तपासते. ओल्या कागदात कपाशीचे, ज्वारीचे, मिरचीचे दाणे मांडून गुंडाळायचे, ठरलेल्या दिवशी ते उलगडायचे आणि शंभरातले किती धड उगवले, किती वेडेवाकडे उगवले ते लिहून ठेवायचं. बावीस वर्षं हेच करते आहे आणि मला त्याचा कंटाळा आलेला नाही. त्या फेब्रुवारीत आमच्या साहेबांनी मला बोलावून घेतलं आणि गवतातलं काही कळतं का म्हणून विचारलं. मी खरं तेच सांगितलं. गवत काढायचं कसं ते कळतं, लावायचं कसं ते आजवर कुणी विचारलं नव्हतं.

प्रकार असा होता. युरोपातल्या कुठल्याशा गावाच्या फुटबॉल क्लबनं आपल्याकडच्या लीगमधल्या एका संघात भागीदारी घेतली होती. इथला भागीदार मूळचा जालन्याचा, आता पुण्यात राहणारा. भोकरदन रस्त्याला त्याची वडिलोपार्जित जमीन पडून होती, म्हणून संघाचं सरावाचं मैदान आणि फी घेऊन चालवायची फुटबॉलची शाळा तिथं करायचं ठरलं. आमच्या साहेबांची आणि त्याची ओळख मोंढ्यातली, धान्याच्या बाजारातली, वडिलांच्या काळापासूनची. तिकडून गवताचा जाणकार आलाय, त्याला इथली माती आणि इथलं ऊन माहीत असलेलं, थोडं इंग्रजी बोलणारं माणूस हवंय, एवढाच निरोप होता. आठवड्यातून दोन दिवस जायचं, गाडी ते पाठवणार होते. मी हो म्हटलं.

माझं माहेर त्याच रस्त्यावर पुढं, केदारखेड्याला. वडिलांना आम्ही सगळी भावंडं दादाच म्हणतो. दादा आता पंचाहत्तरीचे आहेत. अजून रोज सकाळी वावरात जातात. त्यांचं आयुष्यात एकाच गोष्टीशी खरं वैर होतं, ते हराळीशी. उन्हाळ्यात नांगरट झाली की आम्हा भावंडांच्या हाती टोपली द्यायची आणि ढेकळांतून हराळीच्या काशा वेचायला लावायचं. काशा म्हणजे जमिनीत पसरलेल्या तिच्या पांढऱ्या, दोरीसारख्या मुळ्या. त्यांचा एक तुकडा जरी मागं राहिला तरी पावसाळ्यात त्यातून पुन्हा सगळं वावर हिरवं होतं. आम्ही वेचलेल्या नांगराच्या तासांवरून दादा स्वतः पुन्हा एकदा फिरायचे आणि राहिलेलं पेर न बोलता आमच्या टोपलीत आणून टाकायचे. रागावण्यापेक्षा ते लागायचं.

मैदानावर पहिल्यांदा गेले तेव्हा तिथं मैदान नव्हतंच, कमरेइतका खड्डा होता. सगळी काळी माती उपसून काढली होती आणि तिथं मुरूम, त्यावर खडी, त्यावर वाळू भरणं चाललं होतं. काळीत पाणी मुरत नाही, उन्हात तिला भेगा पडतात, खेळणाऱ्याचा पाय अडकतो, म्हणून ती नको. आजूबाजूचे शेतकरी ट्रॅक्टर-ट्रॉल्या लावून ती माती आपापल्या बरड रानात नेत होते. फुकट मिळतेय यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता, म्हणून जल्दी जल्दी नेत होते.

गवताचा जाणकार साठीच्या आसपासचा, उंच, मान उन्हानं लाल झालेली. डोक्यावर रुंद टोपी. मैदानावर सगळे त्याला साहेबच म्हणायचे. त्यानं सगळं आयुष्य थंड मुलखातल्या गवतात काढलेलं होतं. इथं ते गवत उन्हाळ्यात तग धरणार नाही हे तो जाणून होता. कुठलं गवत लावायचं त्याचा फोटो त्यानं मला दाखवला. मी तो मोठा करून पाहिला, पुन्हा पाहिला.

"ही हराळी आहे," मी म्हटलं.

त्यानं मला तो शब्द तीनदा म्हणायला लावला आणि वहीत त्याच्या लिपीत लिहून घेतला. ही सुधारित जात होती, पान बारीक, वाढ दाट, पण कूळ तेच. हिला बी येत नाही, काशांचे तुकडेच लावावे लागतात; तुकड्यातून उठायची खोड मात्र तीच.

संध्याकाळी मी दादांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी.

"मुद्दाम लावून राह्यले?"

"हो दादा."

"पैसे देऊन आणली?"

"हो. दक्षिणेतून ट्रक येणार आहे."

मग आईचा आवाज आला. दादा फोन तिच्या हातात देऊन बाहेर निघून गेले होते आणि काय झालं म्हणून ती मला विचारत होती.

मार्चमध्ये ट्रक आला. लावणीला शेजारच्या गावातल्या तीसेक बायका रोजानं बोलावल्या होत्या. त्यांची पुढारीण एक वयस्क मावशी होती, टोळी तीच जमवायची. गोण्या सोडल्या आणि मावशीनं मूठभर काशा बाहेर काढून पाहिल्या. मी तिला साहेबाचं म्हणणं सांगितलं, की वितीच्या अंतरावर चर काढायचे, त्यात हे तुकडे ठेवायचे आणि वरून वाळू दाबायची. ती माझ्याकडं बघत राहिली.

"मॅडम, तुम्ही उलटं सांगून राह्यल्या. साहेबाला पुन्हा इचारा."

मी त्याला पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं. तेव्हा मावशी मागं वळून बायकांना काहीतरी म्हणाली आणि सगळी ओळ खाली बसून हसायला लागली. एकजण म्हणाली, हे घरी सांगितलं तर सासू म्हणेल सुनेला ऊन लागलं. त्यांतल्या प्रत्येकीचे गुडघे हीच हराळी खुरपून दुखत होते. पण कामाला हात घातल्यावर मात्र त्यांनी ते अशा सफाईनं केलं, की साहेब चरांच्या कडेनं चालत नुसता बघत राहिला. कापसाच्या सरीसारख्या सरळ ओळी. चार दिवसांत मैदान लावून झालं.

दोन आठवड्यांनी मी गेले तर पश्चिमेकडचा भाग छान हिरवा धरला होता आणि पूर्वेकडं नुसती वाळू. मधूनमधून वाळलेले तुकडे वर आलेले. साहेब कडेला उलट्या बादलीवर बसला होता. ट्रक वाटेत बिघडून दोन दिवस उन्हात उभा राहिला होता, हे त्याला तेव्हा कळलं. मे महिन्यात त्यांचा तिकडचा हंगाम संपला की क्लबची माणसं येणार होती, फोटो काढणारे घेऊन. पहिला सामना त्याच मैदानावर व्हायचा होता. नवीन ट्रक महिनाभर मिळणार नाही असं रोपवाटिकेनं कळवलं होतं.

मी मला येतं ते केलं. पूर्वेकडचे शंभर तुकडे आणि पश्चिमेकडचे शंभर तुकडे पिशव्यांत भरून प्रयोगशाळेत आणले आणि दाण्यांसारखे ओल्या कागदात गुंडाळून ठेवले. आमच्या मुलींनी काय आहे म्हणून विचारलं. मी हराळी म्हटल्यावर त्या चेष्टा समजल्या. आठ दिवसांनी कागद उलगडले. पश्चिमेकडच्या शंभरातल्या चौऱ्याण्णव तुकड्यांचे डोळे फुटले होते, पूर्वेकडच्या अकरांचे. पूर्वेकडं लावलेला माल ट्रकमधल्या थप्पीच्या मध्यभागचा, गोण्यांतच उबून शिजला होता. पाणी कितीही दिलं तरी तो उगवणार नव्हता. मी आकडे साहेबाला दिले. ते वाचून त्यानं कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि आभार मानले.

त्याच आठवड्यात दादा डोळे दाखवायला जालन्याला येणार होते. एसटीनं थेट मस्तगडला माझ्या घरी यायचं ठरलं होतं. मी मैदानावर असताना बाराच्या सुमारास फाटकाशी पांढरं धोतर दिसलं. कंडक्टरला सांगून ते मधेच उतरले होते. मला बघायला आलो म्हणाले, पण बघत होते ते माझ्या मागं.

मी त्यांची साहेबाशी ओळख करून दिली. दादांनी रामराम केला, साहेबानं टोपी काढली. दादांनी चपला बाहेर काढल्या आणि अनवाणी आत गेले. हिरव्या भागातून चालले, मग उघड्या भागात आले, खाली बसले, वाळूत दोन बोटं खुपसून एक काशी काढली, दातानं सोलली, पाहिली आणि टाकून दिली.

"मेली ही," ते म्हणाले. "पुन्हा कशाला आणता? तिकडची घ्या की."

मी त्यांना म्हटलं, की हिरवा भागच तेवढा चांगला आलाय, साहेब त्याला हात लावायला तयार नाही.

"बाई, म्या पन्नास वर्सं तिला मारून राह्यलो. ती कशानं मरत न्हाई ते मला इचार. वखर घातला की तिचे तुकडे व्हत्यात, अन् जितके तुकडे तितक्या जागी ती उठती. तोडा म्हणावं पाव्हण्यांना. उभं आडवं तोडा. तोडल्यानं ती अजून दाट येईन. अन् तुकडे इतके खोल नका गाडू, बोटाच्या एका पेराइतकेच. पाणी दिवसातून चार टायमाला, थोडं थोडं. एकदाच भरपूर दिलं तर वाळूतून निघून जातं, तिच्या काय कामाचं?"

मी एकेक वाक्य सांगत गेले. तोडल्यावर ती दाट येते हे साहेबालाही ठाऊक होतं, म्हणाला. फक्त सामन्याच्या तोंडावर चांगल्या भागाला हात लावायचा धीर होत नव्हता. त्यानं माझ्याकडून दादांना विचारलं, की हे किती दिवसांत भरेल, असं तुम्हाला वाटतं.

"चैत-वैशाखाचं ऊन हाय, पाणी हाय. महिन्यात भरंन. माझ्या वावरात तर कुणी पाणी बी देत न्हाई तिला."

साहेब मोठ्यानं हसला. मी त्याला हसताना पहिल्यांदा पाहत होते.

आधी एका कोपऱ्यावर करून पाहायचं ठरलं. मावशीची टोळी पुन्हा आली. हिरव्या भागात हातभर अंतरावर पट्टे कापले, निघालेल्या काशांचे दोन-दोन पेरांचे तुकडे केले आणि उघड्या कोपऱ्यात उथळ लावले. कापलेला भाग दोन दिवस इतका विद्रूप दिसत होता, की भागीदाराच्या माणसानं पुण्याला फोटो पाठवले आणि तिकडून फोन आला. साहेबानं तो घेतला आणि शांतपणे सांगितलं, की निर्णय माझा आहे. बाराव्या दिवशी कोपरा हिरवा झाला होता. तेराव्या दिवशी सगळ्या टोळीनं उरलेला भाग घेतला.

त्या महिन्यात दादा चार वेळा आले. डोळ्यांचं निमित्त एकदाच होतं, मग त्यांनी निमित्त सांगणंही सोडलं. आई डब्यात दोघांपुरत्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी देऊ लागली, मग तिघांपुरत्या. आम्ही बोअरजवळच्या लिंबाखाली बसून जेवायचो. दादा मराठीत बोलायचे, तो इंग्रजीत, आणि मी आधी सगळं सांगायचे. पुढं पुढं गवताचं बोलणं चाललेलं असलं की माझी गरज पडायची नाही. बोटानं दाखवून भागायचं.

एक दिवस दादांनी मला मुद्दाम थांबवून विचारायला लावलं, की एवढ्या लांबून, एवढा खर्चा करून तुमचं गाव इथं कशाला आलं?

साहेब विचार करून बोलला. त्यांचं गाव जालन्याहून लहान. क्लब गावाचाच, शंभराहून जास्त वर्षांचा. दर शनिवारी मैदान भरतं, पण भरलं की भरलं, त्याहून जास्त माणसं गावातच नाहीत. खेळाडूंचे पगार मात्र दरवर्षी वाढतात. मोठ्या शहरांतल्या क्लबांशी टिकायचं तर पैसा बाहेरून आणायला हवा. म्हणून दुसऱ्या देशांत संघ घ्यायचे, तिथं शाळा काढायच्या, तिथल्या लोकांनी आपल्या क्लबच्या रंगाचा सदरा घालावा म्हणून खटपट करायची. त्याच्या वडिलांनी त्याच क्लबचं गवत कापलं होतं. वडिलांना सांगितलं असतं की मी हे भारतात करतोय, तर त्यांना ते आवडलं असतं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, असं तो म्हणाला.

दादा ऐकत होते. मग त्यांनी आमच्या कंपनीचं उदाहरण दिलं. जालन्यात बी विकून विकून किती विकणार, म्हणून कंपनीवाले आंध्रात गेले, गुजरातेत गेले. तिथल्या मातीत ते बी आलं तर राहिले, न आलं तर परत आले. "तसंच हे," म्हणाले. "पण त्यांना इचार, तिकडच्या लोकायला राग न्हाई येत? आपला क्लब दुसऱ्यायच्या गावात पैसे लावून राह्यला म्हणून?"

येतो, साहेब म्हणाला. काहींना फार येतो. त्याच्या बायकोलाही येतो.

हे ऐकून दादांना बरं वाटलं. तिला राग यायलाच पाहिजे, असं ते म्हणाले, आणि चटणीचा डबा त्याच्या पुढं सरकवला.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात क्लबची माणसं आली. ती येण्याच्या आदल्या दिवशी एक गंमत झाली. सकाळी साहेबाला मैदानाच्या कडेचं गवत जागोजाग खुडलेलं दिसलं. मला फोन आला. मी मावशीला विचारलं, तर ती जराही न लाजता म्हणाली, की आज चतुर्थी, राजूरच्या गणपतीला दूर्वा नको का? बाहेर उन्हानं सगळं वाळलेलं आणि इथं एवढ्या कोवळ्या. तिनं जुड्या बांधून देवळाबाहेर विकायला सूनही पाठवली होती. मी साहेबाला समजावून सांगितलं, की हे गवत देवाला लागतं. त्याला ते आधी पटेना. मग तो मैदानाच्या पांढऱ्या रेषेबाहेर पाच पावलं मोजत गेला आणि तिथं चुना टाकला. या रेषेच्या बाहेरचं देवाचं, आतलं क्लबचं. मावशीला हा हिशोब बराबर वाटला. ती रेष अजून पाळली जाते.

सामन्याला आजूबाजूच्या चार गावांतली माणसं आली होती. तंबूत क्लबचे सदरे विकायला ठेवले होते, पण घेणारे थोडे होते. किंमत ऐकून लोक हात लावून पुढं जायचे. फोटो काढणाऱ्यांनी फेटे बांधलेले म्हातारे शोधून त्यांच्या हाती झेंडे दिले. दादांच्याही हाती दिला. त्यांनी तो निमूटपणे धरला, फोटो झाल्यावर घडी करून परत दिला. क्लबच्या मोठ्या माणसानं भाषण केलं आणि मैदानाचं कौतुक केलं. मग आमचा गवताचा साहेब माइकपाशी गेला. हे त्यांच्या कार्यक्रमात नव्हतं. त्यानं लावणीच्या बायकांना पुढं बोलावलं, सगळ्या तीसजणींना, आणि दादांना. म्हणाला, हे मैदान यांचं काम आहे. मला ते मराठीत सांगायचं होतं, पण मी नुसतं एवढंच म्हटलं, की साहेब तुमचे आभार मानतायत. दादांनी सगळ्यांना हात जोडले. मावशीनं पदर सावरला आणि साहेबाला म्हणाली, आता पगारी करा. याचं मी नीट भाषांतर केलं.

आणि तसं झालंही. त्यांतल्या अकराजणी आता महिन्याच्या पगारावर आहेत. मावशी गवत कापायच्या यंत्रावर बसते. पहिल्यांदा बसली तेव्हा तिचा नवरा सायकलवरून बघायला आला होता आणि फाटकातूनच परत गेला. फुटबॉलच्या शाळेत जालन्यातल्या बँकवाल्यांची, दुकानदारांची मुलं येतात. गावातल्या काही मुलींनाही फी न घेता घेतलंय, साहेबानं जाण्याआधी त्यावर अडून ते मान्य करून घेतलं होतं.

साहेब पुढच्या डिसेंबरात परत गेला. जायच्या आधी केदारखेड्याला आमच्या घरी जेवायला आला. हुरड्याचे दिवस होते. वावरात आगटी पेटवून दादांनी कणसं भाजली, चोळून गरम दाणे त्याच्या ओंजळीत दिले. त्यानं आईला त्याच्या बायकोनं विणलेली शाल दिली. आई ती थंडीत खरंच वापरते. वावरातून चालताना त्याला बांधाजवळ हराळीचा एक गड्डा दिसला आणि तो वाकून उपटायला लागला. दादांनी त्याचा हात धरला. बांधावरची राहू द्या, म्हणाले, तिच्यानंच बांध धरून राहतो. मला हे नवीन होतं. बांधावरची हराळी ते मुद्दाम ठेवत आलेत, हे आम्हा भावंडांना त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

या वर्षी मेमध्ये साहेबाचं पत्र आलं. त्यांचा क्लब शेवटचे पाच सामने हरला आणि खालच्या लीगमध्ये गेला. आता पैशांची ओढाताण आहे, दुसऱ्या एका देशातला संघ विकायचा विचार चाललाय. जालन्याचं मैदान मात्र राहील, कारण त्याला खर्च कमी लागतो आणि शाळा स्वतःच्या पायावर उभी आहे. गावात सगळे खचलेत, पण शनिवारी मैदान भरतंच. त्याच्या बायकोनं पुढच्या हंगामाचं तिकीट आधीच काढून ठेवलंय.

मी रविवारी केदारखेड्याला जाऊन ते दादांना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. खालची लीग म्हणजे काय, किती क्लब त्यात असतात, वर यायला काय करावं लागतं, हे सगळं विचारून घेतलं. मग कागद-पेन घे म्हणाले.

"लिही, की आमच्याकडं सगळं ठीक हाय. घरधनीणबाईंना नमस्कार सांगा. अन् वर यायला वर्स लागंन, दोन लागत्यान, त्याचं काही न्हाई."

मी लिहून घेतलं. आई आतून म्हणाली, त्यांच्याकडं आता थंडी असते का उन्हाळा, ते पण विचार. मी ते शेवटी घातलं आणि खाली आम्हा तिघांची नावं लिहिली.